पवनपुत्रभाई, हात वर गेला म्हणजे टेंडन जुळलं असं नाही

पवनपुत्रभाई, नमस्कार. (खरं नाव टाकलं असतंत तर ‘राव’ लावलं असतं, पण वडोदऱ्यात भाई म्हटलं की सगळ्यांचं भागतं.) कॉमेंट काल रात्री वाचली, राग आला, तशीच झोपले, आणि सकाळी चहा घेताना परत वाचली तर तुमचा एक मुद्दा चक्क बरोबर निघाला, म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी कॉमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी: मागच्या लेखात मी माझ्या उजव्या खांद्याच्या दुसऱ्या ऑपरेशनबद्दल लिहिलं होतं, म्हणजे एकदा शिवलेलं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सुटल्यावर परत शिवण्याबद्दल. त्यावर पवनपुत्रभाईंचं म्हणणं असं की ‘स्नायू एकदा गेला की येत नाही’ असं लिहून मी लोकांना घाबरवते, ह्यांचे मेहुणे दुसऱ्या ऑपरेशननंतर दोन महिन्यांत गरब्यात होते, प्रोटीन आणि जिम केलं की कुठलाही स्नायू येतो, आणि प्रोफेसर माणिकरावांच्या (व्यायामशाळावाले, निखळलेली हाडं बसवणारे) गावात राहून हाड बसवणाऱ्याकडे आणि मालिशवाल्याकडे न जाता दोनदा कापून घेणं हाच मूर्खपणा. शेवटी ‘तुम्ही डॉक्टर नाही’. नाहीच आहे, एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं.

आधी चूक कबूल करते. मी दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबल्या. हात स्लिंगमध्ये राहिला, वापर बंद झाला की स्नायू वाळतो, बारीक होतो, आणि टाके टिकले, व्यायाम झाला तर तो थोडाफार भरून येऊ शकतो. पण टेंडन हाडापासून सुटून महिनोन् महिने तसंच राहिलं तर स्नायूच्या आत चरबी शिरते, आणि ती पुढे टाके घालून, व्यायाम करून, काहीही करून जवळजवळ जात नाही. ‘येत नाही’ हे ह्या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहायला हवं होतं, मी सरसकट लिहिलं. त्यामुळे कोणी घाबरलं असेल तर माफी.

ही चरबी म्हणजे पोटाची चरबी नव्हे, त्यामुळे डाएटचा इथे उपयोग नाही. झुरिचच्या गेर्बर नावाच्या सर्जनच्या टीमने मेंढ्यांवर प्रयोग करून हे दाखवलंय. स्नायूचे धागे टेंडनला पिसाच्या दांडीवर तंतू असतात तसे तिरपे लागलेले असतात. टेंडन हाडावरून सुटलं की स्नायू आत ओढला जातो, धाग्यांचा कोन उघडतो, दोन धाग्यांमध्ये जागा होते आणि त्या रिकाम्या जागेत चरबी भरते. नंतर टेंडन परत हाडाला शिवलं तरी ती तिथेच राहिली. मला हे ऐकून बरं वाटलं होतं खरं सांगते, कारण तोपर्यंत मला वाटायचं की मी आळशीपणा केला म्हणून हात गेला.

माझी एमआरआय डॉक्टरांनी स्क्रीनवर लावली तेव्हा खांद्याच्या हाडाचा इंग्रजी वायसारखा आकार दिसत होता, त्याच्या वरच्या खळग्यात सुप्रास्पायनेटस असतो, हात वर उचलायला सुरुवात करून देणारा. निरोगी माणसात तो खळगा काठोकाठ भरलेला असतो, माझ्यात वाटीच्या तळाला वरण उरावं तेवढाच होता, आणि त्यात पांढऱ्या रेघा. त्या रेघा म्हणजे चरबी. त्याच्या पायऱ्या गुटालिए ह्या फ्रेंच सर्जनने 1994 मध्ये सीटी स्कॅनवरून ठरवल्या, शून्य ते चार. तिसरीत चरबी आणि स्नायू निम्मे निम्मे, चौथीत चरबी जास्त. माझी दुसरी होती, म्हणून परत शिवायचं ठरलं. तिसरी-चौथी असती तर बहुधा दुसरंच काहीतरी सुचवलं असतं, कारण टेंडन कितीही छान शिवलं तरी ते ओढणारा बैलच थकलेला असेल तर मोट वर कशी येणार.

आता मेहुण्यांचा गरबा. मनापासून आनंद आहे, पण दोन महिन्यांत हात वर गेला ह्यावरून टेंडन जुळलं असं ठरत नाही. 2004 मध्ये अमेरिकेतल्या सर्जननी मोठी टेंडनं दुर्बिणीने शिवलेल्या 18 पेशंटांची नंतर सोनोग्राफी केली, तर 17 जणांचं परत सुटलेलं निघालं! आणि गंमत बघा, वर्षभरानंतर ह्यातले बहुतेक खूश होते, दुखणं कमी, हात चांगला वर. दोन वर्षांनी मात्र ते निकाल थोडे घसरले. तंत्र जुनं होतं हे खरं, आता अँकर (टेंडन हाडाला बांधायचे खिळे) आणि टाके बदललेत, पण मुद्दा तोच. दुखणं कमी झालं, डेल्टॉइडने (खांद्यावरचा मोठा स्नायू) भार उचलला की फाटक्या टेंडननेही हात वर जातो. म्हणजे हा अभ्यास तुमच्या बाजूचाही आहे, टेंडन सुटलं म्हणजे आयुष्य संपलं असं नाही. फक्त मेहुण्यांची सोनोग्राफी होईपर्यंत तो पुरावा म्हणून देऊ नका, इतकंच.

जिमचं सांगते, कारण मी नेमकी हीच चूक केलीय. पहिलं ऑपरेशन दसऱ्यानंतर झालं. घरी जाताना व्यायामाचा जो कागद मिळाला तो झेरॉक्सची झेरॉक्स, कुठल्या आठवड्यात काय करायचं तो कॉलम काळा झालेला, आणि मीही विचारलं नाही. उत्तरायणला (आपली संक्रांत) बारा-तेरा आठवडे होत आले होते, हात छान वाटत होता, नातवाने गच्चीवर फिरकी हातात दिली, पतंग कापला गेल्यावर तो ‘लपेट लपेट’ ओरडायला लागला आणि मी उत्साहात भराभरा दोरा गुंडाळला, शेजारच्या गच्चीवर मांजा अडकला होता तो एक जोरात हिसका मारून सोडवला. खांद्यात टच्च झालं. वासी उत्तरायणला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, उंधियूचं पातेलं डाव्या हाताने उतरवलं, कोणाला बोलले नाही, फेब्रुवारी तसाच काढला. नंतर सर्जन म्हणाले की फिरकीला फार दोष देऊ नका, टेंडन टाक्यांच्या बाजूला आधीपासूनच विरत आलेलं असणार, जुनी साडी पिनेपाशी विरते तसं (साडीची उपमा माझी, त्यांची नाही).

कारण शिवलेलं टेंडन हाडाला मूळसारखं चिकटत नाही. तिथे व्रणासारखं टिश्यू तयार होतं, त्याला ताकद यायला महिने लागतात, आणि दुसऱ्या वेळी उरलेलं टेंडन आखूड, विरलेलं, रक्तपुरवठा कमी. स्नायू तुमच्या प्रोटीनने जोर धरेलही हो, पण ओढणार कशाला? कच्च्या टाक्यालाच! म्हणून ह्या वेळी सहा आठवडे काखेत उशीवाली स्लिंग, फक्त मनगट, कोपर, मूठ आणि खांद्याची पाती मागे आवळणं. मग दुसऱ्या हाताने किंवा पुलीने उजवा हात उचलणं, मग भिंतीवर बोटं चढवणं. थेराबँड (ताणायचा रबरी पट्टा) चौथ्या महिन्यात. हे आकडे माझ्या सर्जनचे आहेत, टेंडन कसं निघालं त्यावर प्रत्येकाचे बदलतात, तेवढं मूळ लेखात लिहायचं राहिलं.

स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत, बोटं कुठवर चढली त्याच्या. पहिल्या महिन्यात वीतभर अंतरात अकरा खुणा, मग फोडणीच्या डब्याच्या फळीपर्यंत एकदम उडी, आणि तिथून पुढे पाच महिने एकावर एक, काळा डागच झालाय. सून म्हणते रंग देऊ या, मी देऊ देत नाही.

प्रोटीनवर मात्र तुमच्याशी सहमत, आपल्या शाकाहारी घरांत ते कमीच पडतं. स्नायू राखायला किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम धरतात, माझं वजन 60, म्हणजे 72 ते 96 ग्रॅम, आणि वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. गणिताची बाई असून हा हिशेब मी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा केला. शुगर आहे मला, तीही आटोक्यात ठेवावी लागली, कारण डायबिटीस आणि तंबाखू ह्या दोन्हींनी टेंडन जुळायला त्रास होतो.

माणिकरावांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर, माझे सासरे त्यांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. पण निखळलेला सांधा बसवणं म्हणजे अख्खं हाड जागेवर आणणं. इथे हाड जागेवरच आहे, त्याच्यावरची दोरी तुटून आत गेलीय, तिच्यापर्यंत कुठलं तेल पोचणार? मान आणि पाठीचा वरचा भाग आखडतो त्यासाठी मी मालिश करून घेते, अजूनही, फक्त सुरुवातीच्या आठवड्यांत हात ओढू देऊ नका कोणाला.

आज दीड वर्षानंतर: रात्री दुखत नाही, त्या कुशीवर झोपते. अंबाडा घालता येतो. लोखंडी कढई हात लांब करून धरता येत नाही आणि येईल असं मला आता वाटतही नाही.

तुम्ही शेवटी हळूच विचारलंयत की तुमच्या मावशींना, वय 71, दुसऱ्या ऑपरेशनचं सांगितलंय, करावं का. ते मी कशी सांगू. पण विचारा की चरबीची पायरी कितवी, टेंडन हाडापर्यंत ओढून येईल का, आणि खांद्यात इन्फेक्शन नाही ना हे बघितलंय का, कारण पिंपल्सवाला एक जंतू खांद्यात गुपचूप बसतो, ताप नाही, पू नाही, आणि लॅबच्या कल्चरमध्ये उगवायला कधी कधी दोन आठवडे घेतो. पायरी तिसरी-चौथी असेल आणि हात अजिबातच उचलत नसेल तर ह्या वयात उलट्या सांध्याबद्दलही विचारा, त्यात गोळा आणि वाटीची अदलाबदल करतात म्हणजे कफशिवाय (सुप्रास्पायनेटस आणि त्याच्या जोडीची टेंडनं) डेल्टॉइड हात उचलतो. फ्रान्समध्ये ग्रामाँ ह्यांनी 1985 मध्ये आणलेली कल्पना आहे, कालपरवाची नाही.

आणि नुसता रिपोर्ट नको, एमआरआयची सीडी न्या. मी ती टीव्हीवर विसरले होते, रावपुऱ्यातून रिक्षा परत फिरवावी लागली.