कोल्ड रूममधल्या बुरशीच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई. तुम्ही आमच्या कामाला दोन तारे दिलेत आणि लिहिलंत की जुलैत कोल्ड रूमच्या, म्हणजे भाजीपाला साठवायच्या गार खोलीच्या, भिंती काळ्या पडल्या, बटाट्यांना कोंब फुटले, बाहेरच्या भिंतींचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) आम्ही खाल्लं आणि काम तीन आठवडे लांबलं. तुम्ही टाकलेले फोटो मी नीट पाहिले. ती बुरशीच आहे, आणि तिची मोठी जबाबदारी माझ्यावर येते.

कॅनडातल्या आपल्या ब्रॅम्पटनमधल्या बऱ्याच घरांसारखी तुमचीही कोल्ड रूम पुढच्या पोर्चच्या खाली आहे. बेसमेंटचं काम निघालं तेव्हा ही खोलीही बाकीच्या बेसमेंटसारखी गुळगुळीत, पांढरी दिसावी अशी तुमची इच्छा होती, म्हणून काँक्रीटवर आम्ही ड्रायवॉल, म्हणजे कागदात मढवलेला जिप्समचा बोर्ड, लावला. तिथेच मी नाही म्हणायला हवं होतं. ड्रायवॉलला कागद असतो आणि ओल्या कागदावर बुरशी धरतेच. हे मला माहीत होतं, तुम्हाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. गिऱ्हाईक मागतंय म्हणून चुकीचं काम करून द्यायचं, हे मला आज पटत नाही.

दुसरी चूक व्हेंटची, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या झरोक्यांची. दोन व्हेंट आहेत, पण दोन्हींची तोंडं छताजवळ. गार हवा जड असते. ती एका पाइपने जमिनीजवळ सोडावी लागते, म्हणजे आतली उबदार हवा वरच्या व्हेंटमधून बाहेर पडते. तो खाली उतरणारा पाइप आमच्या माणसाने जोडलाच नाही आणि काम तपासताना माझ्याही नजरेतून सुटला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती तुम्हाला कुणी सांगितलीच नाही: उन्हाळ्यात व्हेंट बंद ठेवायचे. बाहेर २८ अंश आणि हवेत ७० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा साधारण २२ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सोडते. जमिनीत गाडलेली तुमची भिंत जुलैतही त्याहून गार असते. तुम्ही हवा खेळती राहावी म्हणून व्हेंट उघडे ठेवलेत आणि भिंतींना घाम फुटला. चांगल्या हेतूने केलंत, पण काम हातात देताना हे आम्ही समजावून सांगायला हवं होतं.

इन्सुलेशनबद्दल मात्र मी ठामपणे सांगतो, एक डॉलरही वाचवलेला नाही. कोल्ड रूम गार राहते ती बाहेरच्या मातीमुळे. त्या भिंतींना आतून इन्सुलेशन घातलं की मातीचा गारवा तुटतो आणि खोली बेसमेंटइतकीच उबदार होते. म्हणून आम्ही ते घराच्या बाजूच्या भिंतीत घातलं आणि दरवाजाही बाहेरच्या दारासारखा, चारी बाजूंनी रबराच्या पट्टीचा बसवला. छताला फोम लावला, कारण पोर्चचा स्लॅब जानेवारीत बाहेरच्या हवेइतका गार होतो, आतली वाफ त्यावर गोठते आणि बर्फ वितळला की टपटप गळते.

बटाट्यांचं म्हणाल तर ही खोली फ्रिज नाही. ती फ्रिजसारखी चालेल असं आमच्याकडून कुणी म्हटलं असेल तर ते चूक होतं. तिचा खरा उपयोग थंडीत, बाहेरची गार हवा आत घेता येते तेव्हा. बटाट्याला ५ अंशांच्या आसपास गारवा, दमट हवा आणि अंधार लागतो, त्याहून फार गार झालं तर तो गोड होतो. बाहेर उणे २० असेल तेव्हा व्हेंट जवळजवळ मिटून घ्या, नाहीतर माल गोठेल. फोटोत कांद्याची पोती बटाट्यांना चिकटून दिसतात, ती वेगळी करा. कांद्याला कोरडी हवा हवी. नाशिककडची कांदाचाळ आठवून पाहा, खालून वारा लागावा म्हणून ती जमिनीपासून उचललेली असते. तशाच फटी असलेल्या फळ्यांच्या मांडण्या मी तुम्हाला करून देतो, कांदा मात्र बेसमेंटच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवा.

उशीर झाला तो दरवाजा वेळेवर न आल्याने. पण तुम्ही रोज वाट पाहत होतात आणि आमच्याकडून साधा फोन नाही, याबद्दल मनापासून माफी मागतो.

येत्या शनिवारी सकाळी नऊला मी स्वतः दोन माणसं घेऊन येतो, वेळ सोयीची नसेल तर ऑफिसच्या नंबरवर कळवा. ड्रायवॉल पूर्ण काढू, भिंती घासून, वाळवून काँक्रीट उघडंच ठेवू, आणि पाइप जोडू. याचे पैसे घेणार नाही. तोपर्यंत दोन्ही व्हेंट बंद करा, दार लावून आत डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) चालू ठेवा. घरात लहान मुलं आहेत, त्यांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. आणि जे बटाटे हिरवे पडलेत ते टाकून द्या, सोलूनही वापरू नका.