युद्धकर नाकारताना घ्यावयाची काळजी

सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आटोपून घरी परतताना, युद्धाच्या खर्चासाठी यापुढे एक छदामही द्यायचा नाही असा कौल आपल्या अंतःकरणाने दिला असेल, तर आपले अभिनंदन. मात्र पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी पेटीतला सातबारा काढून पाहावा. सगळे उत्पन्न कपाशी-तुरीचे असेल तर आपल्याला प्राप्तिकर लागूच नाही, आणि जो कर कुणी मागितलेला नाही तो बाणेदारपणे नाकारण्यात कसलाही धोका नसतो. तसा अर्ज तलाठ्याकडे द्यावा आणि त्याची पोच फ्रेम करून बैठकीत लावावी.

अमेरिकेतल्या थोरो नावाच्या लेखकाने गुलामगिरी आणि मेक्सिकोवरचे युद्ध यांच्या विरोधात डोईपट्टी थकवली आणि १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. कर कुणीतरी परस्पर भरल्यामुळे दुसऱ्या दिवशी तो सुटला. भरणारी त्याची आत्या असावी असे म्हणतात. आपल्याला अशी आत्या आहे का, याची खात्री आधीच करून घ्यावी.

खरी अडचण खरेदीतल्या कराची आहे. ट्रॅक्टरच्या डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, खताच्या पोत्यावर जीएसटी, देव्हाऱ्यातल्या अगरबत्तीवरही जीएसटी. आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातील सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपयांपैकी ६.८१ लाख कोटी संरक्षणाचे, म्हणजे शंभरातले तेरा-साडेतेरा. तेवढे कापून उरलेले पैसे पंपावर देऊ पाहू नयेत. नळी धरून उभ्या असलेल्या पोराला आपले अंतःकरण कळत नाही. त्यापेक्षा पानठेला गाठावा. ठेलेवाला पन्नीत सुपारी, चुना आणि तंबाखू घालून फळीवर खर्रा घोटत असतो. सुगंधित तंबाखूवर राज्यात बंदी असल्याने ती चोरवाटेने येते, त्यामुळे तिचा कर तिजोरीपर्यंत पोचेल अशी भीती फारशी बाळगू नये. करबंदीची इतकी निर्मळ आणि (दाढा सोडल्यास) इतकी अहिंसक कृती दुसरी सापडणार नाही, शिवाय ती दिवसातून आठ वेळा करता येते.

कुणी वर्ध्याजवळच्या पवनारचे नाव काढलेच, तर गडबडून जाऊ नये. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी तिथे भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला, इंग्रजांच्या लढाईला माणसाची वा पैशाची मदत करणे चूक आहे असे सांगितले आणि चारच दिवसांत अटक ओढवून घेतली. तेव्हाचे सरकार परके होते, एवढे बोलून विषय मिटवावा. पुलगावचे दारूगोळा भांडारही याच वर्धा जिल्ह्यात आहे, ही गोष्ट चारचौघांत काढू नये. जावई तिथे नोकरीला असेल तर मुळीच नाही.

पैशाचे असे निभावले, तरी माणसाचे कलम उरतेच. आपला मुलगा भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावत असेल तर त्याला अडवू नये. आपण मैलाच्या दगडापाशी मफलर गुंडाळून उभे राहावे, मोबाइलवर वेळ लावावी आणि सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत होतात का ते पाहावे. निवड झाली तर त्याचा सत्कार १७ ऑक्टोबरच्या विनोबांच्या कार्यक्रमातच उरकावा. मंडप दोनदा घालावा लागत नाही.