‘सही करा अन् घरी जा’ म्हणणाऱ्यांना

जून उजाडला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘सरकारी पैशातून होणाऱ्या शाळेच्या कामात गावाला काही अधिकार नसतो. समिती नावापुरती असते. लोकांना त्यातलं कळत नाही. हिशेब मागत बसलात तर निधी परत जाईल. लोकसहभाग दाखवायचाच असेल तर वर्गणी काढा.’ मी जिल्हा परिषद शाळेच्या समितीत पालक सदस्य आहे, म्हणून एकेक घेतो.

अधिकार नसतो? १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम २१ वाचा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेच्या कारभारावर देखरेख करणं, विकास आराखडा तयार करणं, अनुदान कुठं खर्च झालं ते बघणं ही समितीची कामं. कलम २२ तर त्याहून पुढं जातं: सरकारच्या योजना आणि अनुदान यांना आधार याच आराखड्याचा. म्हणजे काम वरून येतं आणि आपण बघायचं, असं नाही. मागणी खालून जायची आहे.

समिती नावापुरती, हे मात्र बऱ्याच ठिकाणी खरं आहे. इतिवृत्ताचं रजिस्टर पोराच्या दप्तरातून घरी येतं, चुलीपुढून उठून आई सही करते, झाली बैठक. मीही अशा दोन सह्या केल्यात. पण अधिकार न वापरणं वेगळं आणि नसणं वेगळं.

‘लोकांना कळत नाही’ याचा मला सगळ्यात राग येतो. आमच्याकडं स्वच्छतागृह बांधून झालं. फरशी चकचकीत, दारांना निळा रंग, फोटोही वर गेले. समितीतल्या एक ताई बांधकामावर मजुरीला जातात. त्यांनी आत जाऊन नळ फिरवला. कोरडा. मग त्या शिडीवरून टाकीपर्यंत गेल्या. टाकीतून खाली पाइप होता, टाकीत पाणी चढवणारा पाइपच नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, “टाकी भरायची कोणी, पावसानं?” अंदाजपत्रक मागवलं, तर त्यात मोटर आणि पाइप दोन्ही लिहिलेले. महिन्याभरात बसले. तोवर पाचवीच्या मुली हौदावरून बादल्या वाहत होत्या, आणि हे साहेबांच्या नाही, एका आईच्या लक्षात आलं.

हिशेब मागितल्यानं निधी परत जातो, ही निव्वळ भीती घालणं आहे. पैसा परत जातो तो मुदतीत खर्च न झाल्यामुळं. मार्चअखेरची धावपळ कुणाला ठाऊक नाही? ‘समग्र शिक्षा’ या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेतून शाळांना वर्षाच्या खर्चासाठी जे संयुक्त अनुदान मिळतं, त्याचे निकष पटावर ठरतात: १०१ ते २५० पट असेल तर वर्षाला ५० हजारांपर्यंत, २५१ ते १००० असेल तर ७५ हजारांपर्यंत. त्यातला किमान दहा टक्के वाटा स्वच्छतेवर जायला हवा. प्रश्न विचारले म्हणून रक्कम कमी करा, असं कुठल्याही निकषात नाही.

राहिली वर्गणी. रंगाला, टीव्हीला लोक देतात, द्यावेतही. पण रंगासाठी पाचशे रुपये देणाऱ्यालाच पन्नास हजारांचं बिल दाखवायची वेळ आली की “तुम्हाला काय करायचंय?” ऐकावं लागतं. सहभाग खिशापुरता आणि डोळे मिटून, असा हा हिशेब आहे.

आणि कुणी कागद दाखवलेच नाहीत, तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकाच विषयावर दीडशे शब्दांच्या आतला अर्ज, तीस दिवसांत उत्तर. त्याच कायद्यात चालू कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. वाळूत माती किती, हे बघायला ताईंना इंजिनियरची पदवी लागणार नाही.