अँब्युलन्स नंतर, आधी टब

मे महिन्यात नागपुरात कूलर झकास चालतो आणि मृग लागला की तोच कूलर खोलीत नुसती चिकचिक करतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पंप तोच, पंखा तोच, वाळ्याच्या ताट्याही त्याच. बदललेली असते ती हवेतली ओल. ताटीवरचं पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, आणि हवा कुठवर गार होऊ शकते त्याला एक तळ असतो. थर्मामीटरच्या बुडाला ओली वात गुंडाळून वारा लागू दिला की तो जिथे थांबतो, तो हा तळ. याला वेट बल्ब तापमान म्हणतात. धावणाऱ्याचं अंगसुद्धा कूलरच आहे. कातडी ही ताटी, घाम हे पाणी. पण मैदानावर आपण सगळे निर्णय पेपरातल्या कमाल तापमानावर घेतो आणि ओल बघतच नाही.

उन्हात खेळणाऱ्यांवर जगभरच्या विद्यापीठांत गेल्या वीसेक वर्षांत फार उपयोगाचं काम झालंय. त्यातलं बरंचसं काम महागड्या यंत्रांचं नाही. ताडपत्री, बर्फाची लादी आणि काळा रंग दिलेला तांब्याचा गोळा एवढ्यात बसणारं आहे. म्हणूनच ते आपल्या मैदानांवर अजून का आलं नाही, याचा मला राग येतो. मॅरेथॉन असो की भरतीची चाचणी, आयोजक अभिमानाने सांगतात, 'आमच्याकडे अँब्युलन्स आहे.' श्रमाने झालेल्या उष्माघातात अँब्युलन्स ही दुसरी पायरी आहे; पहिली म्हणजे जागेवरच बर्फाच्या पाण्याचा टब.

आधी मोजमापाचं बघू. खेळात वापरायचा आकडा म्हणजे डब्ल्यूबीजीटी, म्हणजेच वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर. १९५०च्या दशकात अमेरिकेत मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणात जवान उन्हाने कोसळायला लागले, तेव्हा तो तयार झाला. सूत्र सोपं आहे: ओल्या वातीचं तापमान गुणिले ०.७, ऊन शोषणाऱ्या काळ्या गोळ्याचं गुणिले ०.२, साध्या हवेचं गुणिले ०.१, आणि तिन्हींची बेरीज. ओलीला सत्तर टक्के वजन आणि हवेच्या तापमानाला जेमतेम दहा, हे लक्षात घ्या.

उदाहरणादाखल नागपूरचीच दोन दुपार घेऊ. मेमधली ४४ अंशांची: हवा कोरडी, उन्हातली ओली वात २५ वर, काळा गोळा ५८ वर. हिशेब होतो १७.५ + ११.६ + ४.४, म्हणजे ३३.५. आता जूनअखेरची, पाऊस पडून ऊन पडलेली ३५ अंशांची दुपार: वात ३०, गोळा ४६. हिशेब २१ + ९.२ + ३.५, म्हणजे ३३.७. पेपरात नऊ अंशांची घसरण, लोक म्हणतात 'हुश्श', आणि मैदानावरचा धोका जिथल्या तिथे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचा जुना सल्ला असा आहे की हा आकडा २८ च्या वर गेला तर लांब पल्ल्याची शर्यत पुढे ढकलायचा विचार करा. आपल्याकडे नवतपा संपला की सराव पुन्हा भर दुपारी सुरू होतो.

हा आकडा मोजणारं यंत्र घरी किंवा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनवता येतं, पण चुका ठरलेल्या असतात. प्रमाण गोळा १५० मिलिमीटर व्यासाचा, पातळ तांब्याचा, बाहेरून मॅट काळा. त्याऐवजी टेबल टेनिसचा बॉल काळा करून वापरला तर तो लहान असल्याने वारा त्याची उष्णता लवकर पळवतो आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. मोठा गोळा स्थिरावायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो. गाडीतून काढला, वाचला, वहीत लिहिला असं चालत नाही. उंची जमिनीपासून साधारण १.१ मीटर ठेवा, आणि यंत्र टिनाच्या टेबलावर ठेवू नका. मोबाइलवरचा आकडा तर ट्रॅकचा नसतोच. वेधशाळेचा थर्मामीटर सावलीच्या पेटीत असतो आणि खेळाडू तापलेल्या सिंथेटिक ट्रॅकवर. शिवाय सेन्सर चुकतातही. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान खात्याने सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं.

आता संशोधनातली आपल्या कामाची गोष्ट. बरीच वर्षं असं मानलं जात होतं की वेट बल्ब ३५ अंशांपर्यंत माणूस तगतो. पेन स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट लोकांना तापमान पाठवणारी कॅप्सूल गिळायला लावून, हलक्या हालचाली करायला सांगून, खोलीतली उष्णता पायरीपायरीने वाढवत नेली. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: दमट हवेत शरीर ३०-३१ वेट बल्बलाच हार मानू लागतं, आणि उष्ण कोरड्या हवेत तर २५ ते २८ लाच. कोरड्या हवेत आकडा आणखी खाली का? कारण घाम येण्याच्या वेगालाही मर्यादा असते. हवा कितीही पाणी प्यायला तयार असली तरी ताटीवर तेवढं पाणी सोडणारा पंपच कमी पडतो. विदर्भाच्या मेसाठी याहून नेमकं वर्णन मला तरी माहीत नाही.

सिडनी विद्यापीठातला २०१९ चा प्रयोगही याच धाग्यातला. ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असताना पंख्याने फायदा झाला; ४७ अंश आणि १० टक्के असताना पंख्याने माणूस उलट जास्त तापला. म्हणजे मेच्या कोरड्या उन्हात, शर्यतीच्या मंडपात कोसळलेल्या मुलासमोर कोरडा पेडेस्टल फॅन लावणं म्हणजे त्याच्यावर लू सोडणं. पंखा लावायचाच असेल तर अंगावर ओली चादर हवी आणि ती सतत ओली ठेवणारा माणूस हवा.

आता मूळ मुद्दा. धावताना मुलगा अडखळतो, विचित्र बोलतो, उलट्या दिशेला जातो, अंगावर धावून येतो किंवा कोसळतो. शरीराच्या आतलं तापमान ४०-४०.५ च्या वर आणि डोकं ठिकाणावर नाही, म्हणजे श्रमाने झालेला उष्माघात. इथे एक जुना समज घात करतो: 'उष्माघातात अंग कोरडं असतं.' म्हातारी माणसं घरात उकाड्याने आजारी पडतात तेव्हा बरेचदा तसं असतं. धावणारा मात्र घामाने निथळत असतो. अंग ओलं आहे म्हणून 'चक्कर आली असेल, ग्लुकोज पाजा' असं ठरवलं जातं आणि हातची वीस मिनिटं जातात. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

तापमान मोजायचं तर गुदमार्गातून, लवचीक प्रोब साधारण १० ते १५ सेंटिमीटर आत घालून. कपाळावर धरायची गन, काखेतला थर्मामीटर, कानातला थर्मामीटर हे सगळे पळून आलेल्या माणसात फसवतात. घामाने गार झालेलं कपाळ ३७ दाखवतं आणि आत ४२ असतात. आपल्याकडे लाजेपोटी हे कोणी करत नाही. मग आडोशाला एक पडदा लावा, पण करा. प्रोब किंवा तो वापरायला शिकलेला माणूस नसेल तर मोजत बसू नका: श्रम, ऊन आणि बिघडलेलं भान ही तिन्ही दिसली की थेट पाण्यात.

आधी गार करा, मग हलवा, हे कनेक्टिकट विद्यापीठातल्या कोरी स्ट्रिंगर इन्स्टिट्यूटचं ब्रीद. २००१ मध्ये सरावादरम्यानच्या उष्माघाताने गेलेल्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूच्या नावाने ही संस्था आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या फाल्मथच्या शर्यतीत १८ वर्षांत असे २७४ रुग्ण झाले, त्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवलं, आणि एकही दगावला नाही. मुदत साधारण अर्ध्या तासाची. रविवारी सकाळी, रस्ते अडवलेल्या शर्यतीतून अँब्युलन्सने मेडिकल कॉलेजचं रुग्णालय किंवा मिहानमधलं एम्स गाठून तिथे गार करणं सुरू होईपर्यंत तो अर्धा तास कुठेच गेलेला असतो.

पद्धत अशी. दीड-दोनशे लिटरचा टब सावलीत ठेवा. बूट काढा, माणसाला मानेपर्यंत पाण्यात ठेवा. छातीवरून दोन्ही काखांतून एक चादर घेऊन तिची टोकं मागे उभ्या माणसाने घट्ट धरायची, नाहीतर तो घसरून पाण्याखाली जातो. एकाने फक्त डोकं सांभाळायचं. उलटी झाली तर त्यानेच मान वळवायची. डोक्यावर बर्फाच्या पाण्यात भिजवलेला दुपट्टा, दर मिनिटाला बदलायचा. आणि पाणी सतत ढवळत राहा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं: न ढवळल्यास अंगाभोवती कोमट पाण्याचा थर बसतो आणि गार होण्याचा वेग पडतो. नीट केलं तर दर पाच मिनिटांना साधारण एक अंश उतरतो. ४२ वरून ३९ वर यायला पंधरा मिनिटं. तिथे बाहेर काढायचं, नाहीतर तापमान भलतंच खाली जातं. त्यानंतर अँब्युलन्स.

टब नसेल तर ताडपत्री. आठ बाय दहा फुटांची, माणूस मध्ये झोपलेला, चार-पाच जणांनी कडा उचलून धरायच्या, ऐंशी लिटर पाणी आणि बर्फ आत, आणि कडा खालीवर करत पाणी हलवत राहायचं. काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवणं हे टीव्हीवर दिसतं, पण त्याचा वेग फारच कमी आहे; दुसरं काहीच नसेल तरच.

बर्फ किती? इथे इंजिनिअरिंगच्या पोरांनी पुढे यावं. ६५ किलोच्या माणसाला ३ अंश उतरवायला साधारण ६८० किलोज्यूल काढावे लागतात. त्याला बर्फ लागतो जेमतेम दोन किलो. मग एवढ्या लाद्या कशाला? कारण मेमध्ये गच्चीच्या टाकीतलं पाणी ३३ अंशांवर असतं, आणि तसलं दीडशे लिटर पाणी १५ वर आणायलाच अठ्ठावीस-तीस किलो बर्फ वितळतो. माणूस स्वस्त, पाणी महाग! म्हणून पाणी आदल्या रात्री रांजणात भरून ठेवा. रात्रभरात ते वेट बल्बकडे सरकतं. २४ अंशांचं पाणी मिळालं तर बर्फ निम्म्यावर येतो. लादी फोडून टाका, अख्खी तरंगत ठेवली तर वेळेत वितळत नाही. आणि हा कारखान्याचा बर्फ अंगासाठी आहे, सरबतासाठी नाही.

'बर्फ मिळाला नाही' ही सबबही टिकत नाही. ओटावा विद्यापीठाच्या २००३ च्या प्रयोगात २ अंशांच्या पाण्याने मिनिटाला ०.३५ अंश उतरले, पण २० अंशांच्या पाण्यानेही ०.१९ उतरले. वाट बघण्यापेक्षा रांजणाचं पाणी कधीही बरं.

पाण्याबद्दल थोडकं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी सापडलं, आणि त्याचा संबंध जास्त पाणी पिण्याशी निघाला. म्हणून 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला अर्धवट आहे. तासभर धावण्याआधी आणि नंतर वजन करा, जेवढं घटलं त्यात प्यायलेलं पाणी मिळवा. तो तुमचा तासाचा घाम. शर्यतीनंतर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त प्यायलात. नुसत्या ग्लुकोज पावडरीत मीठ जवळपास नसतं. ओआरएसचं पाकीट एका लिटरचं असेल तर एका लिटरमध्येच. एका ग्लासात अख्खं ओतलं की पोट बिघडतं.

भरतीच्या पोट्ट्यांसाठी एक गोष्ट. पहाटे पाचला गार हवेत सराव आणि चाचणीचा नंबर साडेदहाला, हे समीकरणच चुकीचं आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. त्यात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातलं मीठ कमी होतं. पहिले पाच दिवस सगळ्यात धोक्याचे. वीस मिनिटांपासून सुरू करा आणि आधी वेळ वाढवा, वेग नंतर.

माझी तक्रार आपल्या विद्यापीठांच्या वर्तुळाशी आहे. शारीरिक शिक्षण विभाग, व्हीएनआयटीसारखी इंजिनिअरिंगची संस्था, मेडिकल कॉलेज, एम्स, सगळं एकाच शहरात. तरीही कोरड्या उन्हातल्या प्रश्नाचं उत्तर आपण दमट किनाऱ्यांवरच्या शर्यतींतून उसनं घेतो. हजच्या यात्रेकरूंसाठी १९८० च्या सुमारास एक पद्धत निघाली होती: अंगावर बारीक फवारा आणि त्यावर वाहती कोमट हवा, म्हणजे रक्तवाहिन्या आखडत नाहीत आणि पाणी उडत राहतं. मेमधल्या नागपूरला ती साजेल असं माझं मत आहे, पण टबाच्या तोडीस तोड किती, मृगानंतर तिचा वेग किती पडतो, हे इथे मोजायला हवं. एक कूलर, ओली चादर, तापमानाची कॅप्सूल, डॉक्टरांची देखरेख आणि राजीखुशीने तयार झालेले धावपटू. एका एम.टेक. आणि एका एम.पी.एड. विद्यार्थ्याने मिळून करावा असा प्रकल्प.

ज्यांना गोळा-वातीचं यंत्र आत्ताच बनवायचंय त्यांनी वातीला बोअरचं पाणी अजिबात लावू नये. आठवड्यात क्षार बसून ती ताठ होते, पाणी ओढत नाही आणि आकडा चढतो. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते आणा.