सोलापुरात घर बांधायला आर्किटेक्ट लागतोय कुठं?

भाचीनं यंदा नाटा, म्हणजे आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा, दिली तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय चालूय, पोरीला आर्किटेक्चरला घालायचं का नाही. दाजींचं म्हणणं, पाच वर्षं शिकायचं, लाखांनी फी भरायची आणि शेवटी पंधरा हजारावर कुणाच्या तरी ऑफिसात बसायचं, त्यापेक्षा कॉम्प्युटर घेऊ दे. मामा म्हणतात सोलापुरात घर बांधायला आर्किटेक्ट लागतोय कुठं, नकाशा इंजिनिअर पण काढून देतो की. आणि मग सगळे मला विचारतात, तू जर्मनीत हेच काम करतेस, तू सांग.

तर सांगते. पगाराचं दाजी काही चुकीचं बोलत नाहीत. मी पुण्यात पहिली दोन वर्षं ज्या ऑफिसात होते तिथं रात्री अकरापर्यंत ड्रॉइंग काढून जे हातात यायचं त्यात खोलीचं भाडं आणि मेस एवढंच भागायचं. मामांचंही कायद्यानं बरोबर आहे, 1972 चा आर्किटेक्ट्स ॲक्ट फक्त 'आर्किटेक्ट' हे नाव राखून ठेवतो, काम नाही, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. पण माझं भांडण त्या 'नकाशा' शब्दाशी आहे.

इथं जर्मनीत आर्किटेक्टच्या फीची एक सरकारी नियमावली आहे, एचओएआय. तिच्यात घराचं काम नऊ टप्प्यांत वाटलंय आणि प्रत्येक टप्प्याला फीचा किती हिस्सा ते लिहिलंय. परवानगीच्या ड्रॉइंगला किती असेल? 3 टक्के. भिंत-खिडकी-गच्ची नेमकी कशी बांधायची त्या बारीक ड्रॉइंगला 25 टक्के आणि साईटवर उभं राहून देखरेख करायला 32. 2021 पासून हे दर सक्तीचे राहिले नाहीत हे खरं, तरी हिशोब अजून याच टप्प्यांवर चालतो. म्हणजे आमच्याकडे ज्याला अख्खं काम समजतात ते इथं शंभरातले तीन आहेत, आणि आपण त्या तिनाचेच पैसे देतो, तेही घासाघीस करून, मग पोरांना पंधरा हजार मिळणार नाहीत तर काय मिळणार!

आक्काचंच घर घ्या, जुळे सोलापुरातलं. नकाशा पास झाला, गवंड्यानं बांधलं, वरच्या खोलीला पश्चिमेकडं मोठी काच. मे महिन्यात 43 डिग्रीला त्या खोलीत दुपारी कुणी पाय ठेवत नाही, एसी लावला तरी स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेलाच, लाखो रुपये घातलेली खोली दोन-तीन महिने बंद. इथं उन्हाळ्यात खोली फार तापणार नाही हे नवीन घराला गणित करून दाखवावं लागतं, आणि इथला उन्हाळा तो केवढा. आमच्या आज्जीच्या माळवदाच्या घरात जाड भिंती, वर मातीचा थर, छताला उजेडापुरतं भोक, भर दुपारी आत झोप लागायची. ते ज्ञान आपल्याच गावात होतं, आपण स्लॅब टाकताना ते कुणाला विचारलंच नाही.

मी इथं सुखी आहे का, तर हो, पगार वेळेवर येतो, संध्याकाळी सहाला घरी असते. पण एकटीनं ठरवलेलं असं एकही घर माझ्या नावावर नाही. तीन वर्षं एकाच शाळेच्या खिडक्यांचे डिटेल काढलेत, आणि पदवी असून पुन्हा इथल्या चेंबरमध्ये, म्हणजे आर्किटेक्टांच्या नोंदणी संस्थेत, नाव लागेपर्यंत कार्डावर आर्किटेक्ट लिहिता येत नव्हतं. त्यामुळं परदेशात गेलं की झालं, असं मी भाचीला सांगणार नाही. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगरमध्ये असंघटित कामगारांची 30 हजार घरं मंजूर झाली, त्यातली 15 हजार जानेवारी 2024 मध्ये ताब्यात दिली. एवढं बांधकाम होणाऱ्या गावात स्कोप नाही हे मला पटत नाही, तिथं राहणाऱ्या विडी कामगार बाईला मेमध्ये दुपारी घरात बसून काम करता यावं हा विचार करणारं माणूस लागतंच.

दाजी, फॉर्म भरू द्या तिला. पहिली दोन वर्षं पैसे कमी मिळतील ते धरून चाला, लागलं तर मी आहे. आणि वरच्या खोलीला पडदे लावू नका, ऊन काचेतून आत आल्यावर पडदा काय करणार, बाहेरून बांबूची चिक तरी टाका, यंदाचा मे यायच्या आत.