‘काही लागलं तर सांगा’ या वाक्याविषयी

आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत एक कुटुंब राहते. वडील ऑटो चालवतात, आई घरी ब्लाउज शिवते आणि फॉल-पिकोची कामे घेते, थोरली मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि धाकटा मुलगा अकरावीत आहे. मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तोही ‘एसएस’ प्रकारचा, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही दोष आलेला. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन ते झिजत गेल्यामुळे (डॉक्टर याला ‘एव्हीएन’ म्हणतात) गेली दोन वर्षे तो कुबडी घेऊन चालतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत आणि ही पोस्ट टाकण्याआधी त्याच्या आईला पूर्ण वाचून दाखवली आहे. असे करावे लागते हे मला एका चुकीनंतर कळले, म्हणून त्या चुकीपासूनच सुरुवात करते.

तीन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, मुलाला मोठा क्रायसिस आला. नागपूरचा उन्हाळा या आजाराचा वैरी आहे, कारण अंगातले पाणी कमी झाले की कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना सुरू होतात. मुलगा आठ दिवस रुग्णालयात होता. आम्ही शेजाऱ्यांनी लगेच व्हॉट्सॲपवर आवाहन केले, त्यात त्याचे पूर्ण नाव लिहिले, सलाईन लावलेला फोटो जोडला आणि तीन दिवसांत ३८,५०० रुपये गोळा करून दाखवले. रक्कम देताना पुन्हा फोटो काढला. त्या फोटोत मी सर्वांत पुढे आहे, पाकीट माझ्याच हातात आहे.

त्या मुलाच्या बहिणीसाठी त्याच सुमारास एक स्थळ पाहण्यात होते. आमचा मेसेज फिरत फिरत त्या घरापर्यंत पोहोचला आणि तिकडून येणारे फोन बंद झाले. हे मला तिच्या आईने आठ महिन्यांनी सांगितले, तेही ब्लाउजचे माप घेताना, माझ्याकडे न पाहता. ‘ताई, तुम्ही चांगल्यासाठीच केलं होतं,’ एवढेच ती म्हणाली. त्या वाक्यावर मला आजही उत्तर सापडलेले नाही.

वास्तविक त्या मुलीची तपासणी लहानपणीच झाली होती आणि ती ‘एएस’, म्हणजे वाहक निघाली होती. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. ती तुमच्या-माझ्यासारखीच धडधाकट असते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि होणाऱ्या नवऱ्याची रक्ततपासणी केली की हा प्रश्न लग्नाआधीच स्वच्छपणे सुटतो. परंतु विदर्भात सिकलसेलचे नाव निघाले की शास्त्र मागे पडते आणि ‘त्या घराण्यात आहे’ ही कुजबुज पुढे जाते. आजाराला कोणत्या तरी जातीशी जोडून बोलण्याची खोडही आपल्याकडे सुशिक्षित घरांत आहे. ज्या घराने एक गोष्ट इतकी वर्षे जपून ठेवली होती, ती आम्ही ३८,५०० रुपयांच्या बदल्यात चव्हाट्यावर आणली.

आता त्या पैशांविषयी. ते तीन आठवड्यांत संपले, तेव्हा गल्लीत ‘इतके पैसे गेले कुठे’ असे सूर निघाले. मी बँकेत तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे हिशेब विचारण्याची सवय मलाही आहे, आणि मी तो विचारला. ऑटोचे दोन हप्ते थकले होते, घरभाडे थकले होते, बचत गटाचे कर्ज होते, किराणा दुकानाची उधारी होती. एक रुपयाही वाया गेलेला नव्हता. चूक आमच्या समजुतीत होती. आपल्याला अपघात, शस्त्रक्रिया, मृत्यू अशा प्रसंगांना धावून जाता येते, कारण त्यांना सुरुवात आणि शेवट असतो. पाकीट द्यायचे, चार दिवस डबा पोहोचवायचा, तेरवीला पंगतीत वाढायला उभे राहायचे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. जो आजार जन्मापासून आहे आणि जन्मभर राहणार आहे, त्याला कधी धावून जायचे हे मात्र आपल्याला ठाऊक नसते.

‘सरकारी दवाखान्यात सगळं फुकटच असतं ना?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. बऱ्याच अंशी ते खरे आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मेडिकल, मेयो, डागा यांसारख्या रुग्णालयांमुळे नागपूरच्या रुग्णाला जी सोय आहे, ती गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या रुग्णाला नाही. हायड्रॉक्सियुरिया (क्रायसिस कमी करणारे औषध) आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात, सिकलसेलच्या रुग्णाला बदली रक्तदाता न मागता रक्त द्यावे असे धोरण आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. याच शहरातील संपत रामटेके यांनी या आजारासाठी उभ्या केलेल्या कामाची दखल २०१८ च्या पद्मश्रीने घेतली गेली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्याचे उद्दिष्ट २०४७ पर्यंतचे आहे. तेव्हा हा मुलगा चाळिशीच्या उंबरठ्यावर असेल.

योजना उपचारांचा खर्च उचलते. दिवसांचा खर्च कुटुंबच उचलते. मुलगा पाच दिवस दाखल झाला की ऑटो पाच दिवस दारात उभा राहतो, कारण रात्री वडिलांना वॉर्डात थांबावे लागते आणि दिवसा आईला. एका दिवसाची हातात उरणारी कमाई सहा-सातशे रुपये धरली तर पाच दिवसांचे तीन-साडेतीन हजार जातात, शिवणकामाच्या ऑर्डरी परत जातात, आणि फायनान्स कंपनीचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला खात्यातून कापला जातोच. हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर ठरावीक काळाने रक्त तपासून पेशींची संख्या पाहावी लागते, त्यासाठी आणखी एक सकाळ जाते. गोळ्या संपल्या असतील तर बाहेरून घ्या म्हणून चिठ्ठी मिळते. ओळीने असे तीन महिने गेले की कुटुंब कर्जात जाते, आणि त्या कर्जाची नोंद कोणत्याही रुग्णालयाच्या कागदावर नसते.

कागदांची कथा तर वेगळीच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा समावेश झाला, ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावे लागते, आणि हा आजार आज आहे, उद्या नाही असा लपंडाव खेळतो. सोमवारी मित्रांशी गप्पा मारत बसलेला मुलगा मंगळवारी उठून संडासापर्यंत जाऊ शकत नाही. शेजारीपाजारी ‘काल तर बरा होता’ असे सहज बोलून जातात. तपासणीच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाने तेच म्हटले तर वर्ष वाया जाते. या मुलाला एका ठिकाणाहून तीनदा परत पाठवले गेले. अखेर खुब्याच्या एमआरआयने जे दाखवले, ते त्याच्या दहा वर्षांच्या वेदनांना दाखवता आले नव्हते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा विचार झाला. दिव्यांगांसाठीची दरमहा रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाली, हे स्वागतार्ह आहे. मात्र दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला ४,२०० रुपयांहूनही कमी. नागपुरात दोन खोल्यांच्या भाड्यालाही न पुरणाऱ्या रकमेत चार माणसांचे कुटुंब राहते, असे या अटीला वाटते. ऑटोवाल्याने खरे उत्पन्न सांगितले तर तो अपात्र ठरतो आणि कमी सांगितले तर खोटा ठरतो. अनुदान वाढवणाऱ्यांनी ही मर्यादाही वाढवायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आम्ही काय करतो ते सांगते. चार घरांनी मिळून एक वही केली आहे. ग्रुप नाही, फोटो नाही, नाव नाही. वहीत फक्त तारखा आहेत. महिन्याचा दुसरा मंगळवार हा ओपीडीचा दिवस. त्या दिवशी मुलाबरोबर आई-वडिलांपैकी कुणीही जायचे नाही, आमच्यापैकी एकाने जायचे, रांगेत उभे राहायचे, गोळ्या आणायच्या. त्यामुळे ऑटो आणि मशीन दोन्ही सुरू राहतात. तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले एक शेजारी सगळे दाखले, प्रमाणपत्राची मुदत आणि नूतनीकरण यांकडे पाहतात. सेतू केंद्रातल्या कोणत्या खिडकीवर किती वाजता जायचे हे ज्ञान गल्लीत त्यांच्याइतके कुणालाच नाही. बारावीच्या परीक्षेत दर तासामागे मिळणाऱ्या २० मिनिटांच्या जादा वेळेसाठी महाविद्यालयातून अर्ज वेळेत जावा, हे काम माझ्याकडे आहे.

वहीतली सर्वांत चांगली कल्पना मात्र आमची नव्हे, मुलाच्या वडिलांच्या ऑटो स्टँडवरच्या मित्राची आहे. गल्लीतल्या सहा मुलांना शाळेत नेण्या-आणण्याचे मासिक काम आम्ही या वडिलांना दिले. मुलगा दाखल असेल तेव्हा तो मित्र त्या फेऱ्या करतो, त्याचे भाडे वहीतली घरे मिळून देतात आणि वडिलांची महिन्याची रक्कम कापली जात नाही. नोकरदाराला जी पगारी रजा मिळते, ती एका ऑटोवाल्याला अशी मिळाली. दान घेताना जो माणूस मान खाली घालून उभा राहत असे, तो आता पहिल्या तारखेला पैसे मोजून घेतो आणि उशीर झाला तर मला फोन करतो. त्याच्या पत्नीकडे शिवणाऱ्या बायकांनाही मी एकच सांगते, दरात घासाघीस करू नका. भाव पाडून ब्लाउज शिवून घ्यायचा आणि दिवाळीला तिलाच जुनी साडी द्यायची, हा व्यवहार मला कळत नाही.

सगळे सुरळीत चालते असे नाही. एक घर चार महिन्यांत गळाले. कुणी बीट आणि गुळवेल घेऊन येते आणि गोळ्या बंद करायचा सल्ला देऊन जाते. असा सल्ला देणाऱ्याला दारातून परत पाठवण्याचे काम मी आनंदाने करते. या आजारात ताप आला, श्वास लागला किंवा छातीत दुखू लागले तर ‘सकाळपर्यंत बघू’ असे म्हणायचे नसते, हे मात्र वहीतल्या सगळ्या घरांतल्या पोरासोरांना पाठ झाले आहे. गेल्या जानेवारीत थंडीत रात्री दोन वाजता त्याला घेऊन निघालो, तेव्हा गाडी काढायला कॉलेजात जाणारा एक मुलगा होता आणि त्याला कुणी उठवायला गेले नव्हते, वहीत त्या आठवड्यापुढे त्याचाच नंबर लिहिलेला होता.

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य मी आता वापरत नाही. ते ऐकणाऱ्याला आधी गरज शोधावी लागते, मग ती मागण्याइतकी मोठी आहे का हे ठरवावे लागते, मग संकोच गिळावा लागतो, आणि इतके करून कुणी सांगतच नाही. ‘मंगळवारी मी येते, कार्ड तयार ठेवा’ असे म्हटले तर समोरच्याला फक्त ‘बरं’ म्हणायचे असते.

मानेवाडा, बेसा किंवा अयोध्यानगर भागात राहणाऱ्या आणि सकाळी आठ ते दीड मोकळे असणाऱ्या कुणाला या वहीत यायचे असेल, तर कमेंटमध्ये न लिहिता मला मेसेज करावा. कुटुंबाचे नाव मी पहिल्याच दिवशी सांगणार नाही. पुढच्या तीन महिन्यांतले दोन मंगळवार अजून रिकामे आहेत.