चंदेरी फॉइल चिकटवली, म्हणून शेल उबदार होत नाही

पिकअप ट्रकच्या मागच्या कॅम्पर शेलमध्ये, म्हणजे हौद्यावर बसवलेल्या बंद टपात, झोपायची सोय करणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला असा: ‘बुडबुड्यांची चंदेरी फॉइल आतून थेट शेलला चिकटवा, वर कार्पेट लावा. थंडी, ओल, उकाडा, तिन्ही मिटले.’

आधी थंडी. ही फॉइल काम करते ती चकाकीमुळे. किरणांनी येणारी उष्णता ती परतवते, पण त्यासाठी चकाकत्या बाजूसमोर साधारण २० मिमी मोकळी हवा लागते. एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूला कार्पेट. चकाकी दोन्हीकडून मेली. उरलेल्या बुडबुड्यांची आर व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवायची ताकद, जेमतेम १. तेवढ्याच कष्टात २५ मिमी जाडीचा एक्सपीएस फोम (पॉलिस्टायरीनचा कडक फोम) ५ देतो. फॉइल घेऊन ठेवलीच असेल तर खिडक्यांच्या मापाने कापा. तिथून बरीच ऊब जाते.

ओलीबद्दलचा दावा तर उलटाच आहे. पाणी बाहेरून येत नाही, झोपणाऱ्याच्या श्वासातून येतं. आत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. कार्पेट वाफ अडवत नाही; ती आरपार जाऊन मागच्या गार फॉइलवर पाणी होऊन बसते. वरून सगळं कोरडं, आत बुरशी. फोम शेलला फट न ठेवता चिकटवा, सांधे टेपने बंद करा. अ‍ॅल्युमिनियमच्या शेलमधल्या आडव्या पट्ट्या उघड्या सोडू नका, नाहीतर नेमक्या तिथूनच थेंब तोंडावर पडतात. एवढं करूनही दोन खिडक्या बोटभर उघड्या हव्यातच. आत गॅस पेटवून ऊब आणायचा विचार सोडा: १ किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

उकाड्याबद्दल थोडक्यात: बंद शेल भर उन्हात उभा असेल तर अस्तर फक्त वेळ लांबवतं. सावली आणि वारा हाच उपाय. मात्र तापलेल्या छताखाली साधा स्प्रे गोंद मऊ पडतो आणि कार्पेट लोंबू लागतं, म्हणून उष्णता सोसणाराच घ्या. काही गोंद एक्सपीएस विरघळवतात. आधी तुकड्यावर लावून बघा.

तळाचं तर या सल्ल्यात नावच नाही. अंगाखाली गादी दबते आणि तिची ऊब जाते. पत्र्यावर फोम, त्यावर प्लायवूड, आणि गादीखाली हवा खेळेल अशा लाकडी पट्ट्या टाका.